करंजाखालची माती

आमच्या गावाच्या उत्तरेला एक टेकाड आहे. लोक त्याला जुनी पांढरी म्हणतात. तिथलं गाव एका रात्रीत गडप झालं आणि अवसेला अजून पाळण्याची कुरकुर ऐकू येते, असं म्हातारी माणसं सांगत. माझे यजमान शाळेत इतिहास शिकवत. ते तिथून रंगीत खापरं वेचून आणायचे आणि म्हणायचे, "पाळणा काही सापडला नाही अजून."

बहात्तरच्या दुष्काळात टेकाडाच्या पायथ्याशी पाझर तलावाचं काम निघालं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मथुराबाई त्या कामावर जायची. तिचं तान्हं लेकरू बारशाआधीच तापानं गेलं होतं. बायकांनी मातीला जायचं नाही, म्हणून तिचा नवरा लिंबाजी एकटाच त्याला पुरून आला. सव्वा महिना व्हायच्या आत ती पाट्या उचलायला लागली.

तलावाची पाळ, म्हणजे बांध, भरताना आधी ओढ्याकडची माती संपली, मग टेकाडाची कड खणायला घेतली. तिथं तिच्या कुदळीखाली दोन मडकी लागली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली.

"हंडा गावला की गं," मुकादम म्हणाला. "आता तू कशाला येतीस कामावर." बाया हसल्या.

आत माती होती आणि काडीएवढी हाडं.

यजमानांना बोलावणं गेलं. मीही मागोमाग गेले. "तान्हं मूल आहे," ते म्हणाले. "हजारो वर्षांपूर्वीचं. ती माणसं लेकरू गेलं की असं मडक्यात घालून घरातच जमिनीखाली ठेवायची."

"घरातच?" मथुराबाईनं विचारलं.

"हो, घरातच."

"मग ह्याला बी कुठं न्हेऊ नगा, गुर्जी."

यजमानांच्या मनात ती मडकी पुण्याला अभ्यासकांकडे पाठवायची होती. पण त्यांनी ती टेकाडाच्या माथ्यावर, पाणी पोचणार नाही अशा जागी पुन्हा पुरली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"आपलं कुठं ठिवलंय?"

"आता काय करायचंय?"

"घरात आणते. चुलीमागं."

"वढ्याच्या करंजाखाली हुतं," लिंबाजी म्हणाला.

करंज केव्हाच पाडला होता. तिथली माती तलावाच्या पाळीवर गेली होती, आणि ती वाहणाऱ्यांत मथुराबाई होती.

"सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर पाटी उचलली असती तू? खायाचं काय हुतं घरात?"

मी लहानपणी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्याच्या आवारात लहान मुलांच्या कबरींवर नावं कोरलेली होती. मथुराबाईच्या लेकराला नावही नव्हतं.

पुढं तलाव भरला, टेकाडाचं बेट झालं. पाळीवरून कळंबच्या बाजाराची वाट जवळची झाली. सारा गाव, गुरंढोरंसुद्धा तिच्यावरून जाऊ लागली. मथुराबाई मात्र ओढ्याला वळसा घालून जायची. म्हातारी झाली, गुडघे गेले, तरी तसंच.

एकदा बाजारातून येताना मी म्हटलं, "मथुराबाई, ऊन किती आहे. पाळीवरून चला की."

ती थांबली. पाळीकडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"कुठल्या पाटीत गेलं, काय ठावं, बाई," ती म्हणाली. "पाय कुठं ठिवू?"