शिपायाच्या फुलांची पोचपावती

आमच्या मामेसासऱ्यांनी दुसरं महायुद्ध एकट्याच्या बळावर जिंकलं नव्हतं, एवढी एकच गोष्ट ते प्रामाणिकपणे कबूल करत. तीही तेव्हा आपला जन्म झाला नव्हता म्हणून. साताऱ्याच्या पोस्टात हयात घालवलेला हा माणूस भाचीचा संसार बघायला तीन आठवड्यांसाठी हॉलंडात मास्ट्रिख्टला आला, आणि करोनाने विमानं बंद पाडली तेव्हा चार महिने आमच्याकडे तळ ठोकून बसला. मग जेवणाच्या टेबलावर रोज मोहीम निघे. लोणच्याची बरणी म्हणजे मास्ट्रिख्ट, आमटीचं पातेलं म्हणजे जर्मनी आणि पोळ्या म्हणजे अमेरिकन फौज. पातेलं सर होईपर्यंत फौजेतली एक पोळी शिल्लक राहत नसे. "पण जर्मनीत पडलेली पोरं त्यांनी शत्रूच्या मातीत ठेवली नाहीत, जावईबापू. इकडे आणून पुरली," असं म्हणताना मात्र त्यांचा घास हातातच राही.

ती पोरं आमच्यापासून दहा किलोमीटरवरच्या लष्करी दफनभूमीत आहेत. तिथली एकेक कबर इथल्या एकेका घराने दत्तक घेतलेली. शेजारच्या डच आजींकडे अशीच एक, त्यांच्या आईकडून आलेली. शिपायाच्या वाढदिवसाला फुलं न्यायचीच, हे आईला दिलेलं वचन आजींनी एकदाही मोडलं नव्हतं. त्या एप्रिलात वाढदिवस आला, तर आजींच्या मुलांनी त्यांना घराबाहेर पडायची बंदी केली, आणि दफनभूमीचं फाटकही बंद झालं. कुंपणापलीकडे आजी डोळे पुसताना दिसल्या तसे मामा ताठ उभे राहिले. त्यांचं इंग्रजी तारेइतकं आखूड. "फ्लॉवर्स गिव्ह. आय डिलिव्हर."

आजींचीच सायकल घेऊन ते निघाले, मागे मी. हॉलंड सपाट असतं असं भूगोलात शिकलेल्या मामांच्या वाट्याला नेमक्या या देशातल्या टेकड्या आल्या. प्रत्येक चढावर ते भूगोलाच्या मास्तरांचा उद्धार करत होते. फाटकाशी पोचलो तर आतून एक माळी हात हलवत आला. "बंद आहे. नंतर या."

"नंतर?" मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, याला सांगा, 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून टपाल परत करतात. आपला शिपाई तर पाऊणशे वर्षं एकाच पत्त्यावर आहे!"

मी सांगितलं. माळी हसला, मग हसायचा थांबला. मामांनी ट्यूलिपच्या जुडीला नाव, विभाग, ओळ, क्रमांक असा पत्ता बांधून आणला होता. माळी ती घेऊन गेला. परत आला तेव्हा मामांनी गजांतून वही पुढे केली. "साइन. रिसीव्ह्ड."

त्या सहीचा कागद आजींनी शिपायाच्या फोटोच्या चौकटीत खोचला. तो अजून तिथेच आहे.

जुलैत मामा साताऱ्याला परतले. पुढच्या वर्षी, एप्रिलमध्येच, दुसऱ्या लाटेत गेले. आम्हाला जाता आलं नाही. शेवटचं सगळं नगरपालिकेच्या माणसांनी केलं. त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत.

शिपायाच्या त्यानंतरच्या वाढदिवसाला फाटक उघडं होतं. आजी माझ्यासोबत आल्या, पण हातात दोन जुड्या. एक त्यांनी शिपायापुढे ठेवली. दुसरी माझ्या हातात दिली, पिशवीतून वही काढली आणि पेन पुढे केलं.

"तुमच्या पोस्टमनसाठी," त्या म्हणाल्या. "सही कर."