गुणवंतचं लेणं

वाळवंटात राहणाऱ्या माणसांना तिकीट काढून वाळू दाखवायची, ही अक्कल कोणाची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. साल अठ्ठ्याण्णव. दुबईतल्या थंडीतल्या एका मेळ्यासाठी चीनच्या वायव्येकडच्या वाळवंटाचा देखावा उभारायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. मी अल कुसैसच्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होतो. माझ्या टेबलावर एक रंगीत माहितीपुस्तिका येऊन पडली. तीत डुनहुआंगचं चंद्रकोरीसारखं तळं होतं, वाऱ्याने गाणाऱ्या वाळूच्या टेकड्या होत्या, कड्यात कोरलेली शेकडो बौद्ध लेणी होती आणि चीनच्या भिंतीच्या पश्चिम टोकाचा किल्लाही होता. तिकडे हे सगळं शेकडो मैलांत पसरलेलं आहे. आम्ही ते साठ मीटरांत कोंबलं.

साइटवरची वाळू चीनसाठी फार पांढरी ठरली, म्हणून उम्म अल कुवैनच्या आतल्या भागातून तांबूस वाळूचे ट्रक आणले. तळ्याखाली निळी ताडपत्री टाकली. टेकडीच्या पोटात स्पीकर बसवला, कारण वाळू गायला हवी ना! कॅसेट अडकली की टेकडी घसा बसल्यासारखी रडायची. लेण्यांच्या कड्यासाठी मी प्लायवूडवर त्रेचाळीस काळी तोंडं काढली होती. आत काही नाही, नुसता काळा रंग. मेळ्यातली माणसं फोटो काढायला येतात, आत डोकवायला नाही, असा माझा अनुभव होता.

या कड्याच्या प्लास्टरवर गुणवंत होता. दापोली तालुक्यातला, पन्हाळेकाजीच्या जवळच्या वाडीतला. नऊ वर्षं दुबईत, हात पक्क्या गवंड्याचा, पण लेबर कार्डावर ‘हेल्पर’. पहिल्या व्हिसावर एजंटाने लिहिलं तेच पुढे चिकटलं होतं. झाडू मारणारे हेल्पर आणि हा, एका रांगेत हजेरीला उभे. त्याचं त्याला काही वाटत नसेल असं मी धरून चाललो होतो.

पुस्तिका बघितल्या दिवसापासून त्याची बडबड सुरू झाली. “साहेब, अशी लेणी आमच्या पन्हाळेकाजीला पण हायत. नदीच्या काठाला. आमी तिथं शेरडं चारायचो.”

“तुझ्या पन्हाळेकाजीला चिनी लोक येतात का बघायला?” मी विचारलं.

“नाय येत.”

“मग गप प्लास्टर कर.”

सगळे हसले. तोही हसला. कोकणातल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू आपल्या वाडीत असल्याचं वाटतं, असं मी त्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगितलं आणि पुन्हा हशा मिळवला.

मेळा उघडायला आठवडा राहिला होता, तेव्हा तो माझ्या टेबलाशी आला. हातातली टोपी पिळत होता. “साहेब, जानेवारीत माझा व्हिसा रिन्यू होतोय. गनीभाईंना सांगाल का, आता तरी कार्डावर मेसन लिवा म्हणून? गावाला आशा सगळ्यांना सांगते, नवरा मिस्त्री हाय. पोरीचं लग्न ठरतंय. पावणे कागद बघतात हो.”

गनीभाई आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, मूळचे रत्नागिरीचे. नऊ वर्षांत त्याने मागितलेली ही एक गोष्ट. मी “बघू, इन्शाल्ला” म्हणालो. दुबईत या शब्दाचा अर्थ ‘होणार नाही’ असा, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

दोन दिवसांनी मी ड्रॉइंग घेऊन तपासायला गेलो, तर कड्यावर काळी तोंडं बेचाळीसच. त्रेचाळिसावं खरंच उघडं होतं! गुणवंतने तिथलं प्लायवूड कापून मागे उरलेल्या जिप्समची सहा फुटांची खोली केली होती. आत मांडी घालून बसलेला बुद्ध. गाल जरा रुंद, डोळे मिटत आलेले. पुस्तिकेतल्या बुद्धासारखा तो नव्हताच. दापोलीच्या बाजारात खांद्यावर टोपली घेऊन भेटेल असा चेहरा होता. तोंडाशी उंबरा. आणि बाहेर डाव्या हाताला, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक लांब कोनाडा.

“हे काय?”

“चपला ठेवायला,” आतून गुणवंत म्हणाला. तो अनवाणी बसून मूर्तीचा पाय घासत होता. त्याच्या निळ्या पट्ट्याच्या स्लीपर कोनाड्यात होत्या. “लोक आत येताना चपला काढतील, त्या कुठं ठेवतील?”

प्लास्टरच्या चीनमध्ये चपलांचा कोनाडा! मी कपाळाला हात लावला. खरं सांगतो, कोनाड्याचा राग नव्हता. माझी रेघ एका हेल्परने ओलांडली होती आणि ती माझ्या रेघेपेक्षा बरी दिसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ गनीभाईंकडे गेलो.

गनीभाई आले, आत बघितलं. “ड्रॉइंगमध्ये आहे का हे, संजय?”

“नाही.”

“उद्या मेळ्याचं इन्स्पेक्शन. मूर्तीसाठी परमिशन कोणी घेतली? मी अडकेन ना यार! खलास, याचा व्हिसा कॅन्सल करा.”

गुणवंत माझ्याकडे बघत होता. हे मीच करायला सांगितलं होतं, इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी ड्रॉइंगची गुंडाळी करत राहिलो. व्हिसाचे कागद बघणाऱ्या पीआरओची गाडी बाहेर उभीच होती. “यल्ला, यल्ला” करत त्याला होता तसा बसवला. दुसऱ्या दिवशी तो मुंबईच्या विमानात होता. लेणं फोडायला वेळ नव्हता, म्हणून तोंडावर काळा पडदा टाकला. इन्स्पेक्टर तळ्यातला पंप बघून निघून गेला.

मेळ्याच्या पहिल्याच संध्याकाळी करामा या भारतीय वस्तीतली सगळी कुटुंबं नटूनथटून हजर. तळ्यापुढे फोटो, किल्ल्यापुढे फोटो, आणि “सेम टू सेम चायना” म्हणणारे महाभाग, ज्यांनी आयुष्यात करामातलं चायनीज सोडून काही चिनी पाहिलं नव्हतं. मग कोणीतरी पडदा उचलला. थोड्या वेळाने मी बायकोला, विनिताला घेऊन पोचलो तर बाहेर रांग होती, आणि कोनाडा चपलांनी भरलेला. कोणी पाटी लावली नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं. विनितानेही सँडल काढल्या. मी बूट घालून आत गेलो. जिप्समपुढे कसले बूट काढायचे?

तेवढ्यात त्या चिनी प्रांतातून आलेले एक म्हातारे अधिकारी गनीभाई आणि दुभाष्यासह आले. तळं बघून त्यांनी मान हलवली होती, गाणारी टेकडी ऐकून खोकले होते. इथे मात्र ते वाकले, बूट काढले आणि आत येऊन बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग दुभाष्याने विचारलं, हे कोणी केलं?

गनीभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आमचा संजय. डिझाइन त्याचंच.”

मी “थँक यू” म्हणालो. ते शब्द तोंडातून निघताना मला स्वतःची शिसारी आली, तरी निघाले. म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला आणि खाली, माझ्या बुटांकडे बघितलं. त्या खोलीत पायात काही असलेला मी एकटाच होतो.

बाहेर येऊन विनिता सँडल शोधू लागली. कोनाड्याच्या कडेला प्लास्टरने पांढऱ्या पडलेल्या, निळ्या पट्ट्याच्या स्लीपर होत्या.

“या कुणाच्या राहिल्या?” तिने विचारलं.

“असतील कुठल्यातरी हेल्परच्या,” मी म्हणालो.