चार ओळींच्या फायली

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आज सून फोनमधली जागा मोकळी करत होती. लांबलचक व्हिडिओ तसेच ठेवून तिनं बारीकसारीक निरोप पुसले आणि वैतागून म्हणाली, "बाबा, एवढं काढलं तरी फोन भरलेलाच!" मला हसू आलं नाही.

हवामान कार्यालयातला सर्व्हर मी सांभाळायचो. उपग्रहाची चित्रं सतत येत आणि डिस्क भरत जाई. एकदा जागा संपली, तेव्हा घाईत मी डोंगरावरच्या एका केंद्राच्या रोजच्या नोंदी पुसल्या. चार-चार ओळींच्या शेकडो फायली. यादीत त्यांचीच गर्दी दिसायची. पण जागा अडवली होती मोठ्या चित्रांनी. गेल्या त्या ओळी, ज्यांच्यासाठी कुणीतरी रोज सकाळी धुक्यातून पर्जन्यमापकापर्यंत चालत जायचं.

ते कुणीतरी म्हणजे सुमनताई. वरिष्ठांनी नोंदी मागितल्या तेव्हा मी म्हणालो, "तिकडून आल्याच नाहीत." ताईंना बोलावलं गेलं. "साहेब, एक दिवस चुकवला नाही हो मी. यांना विचारा ना," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. त्यांचं काम गेलं.

निवृत्तीनंतर माफी मागायला मी त्यांना फोन लावला. आवाज ओळखून त्या आनंदानं म्हणाल्या, "अगंबाई, साहेब तुम्ही! तिकडं पाऊस काय म्हणतोय?"

"आहे थोडा," मी म्हणालो, आणि फोन ठेवेपर्यंत पावसाबद्दलच बोलत राहिलो.