फुंक्याची झाडलोट

माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून मोबाईल दुरुस्तीचं एक खोकं आहे. दुकान म्हणायचं ते तोंडदेखलं. आत एक टेबल, भिंग लावलेला एक दिवा, आणि मालक बसला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. या मालकाला सगळी गल्ली फुंक्या म्हणते. कुठलाही फोन हातात आला की तो आधी चार्जिंगच्या भोकात जोरात फुंकर मारतो आणि मग विचारतो, "काय झालंय?" निम्मे फोन त्या फुंकरीनेच सुधारायचे. मग गिऱ्हाइकाला काय सांगावं हे त्याला सुचायचं नाही आणि तो उगाच भिंगातून इकडेतिकडे बघत बसायचा.

त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते तेव्हापासून मी त्याला ओळखते. बोलणं कमी, हात चोख, लग्नाच्या भानगडीत पडला नाही. एक थोरली बहीण आणि तिचा नवरा, एवढंच गणगोत. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचा. त्याला वाईट खोड म्हणाल तर एकच होती, न मागता उपकार करायची. तीच त्याला नडली.

या उपकाराला तो 'झाडलोट' म्हणायचा. फोनची काच बदलायला द्या नाहीतर बॅटरी, काम झालं की हा पठ्ठ्या फोनमध्ये शिरून सगळ्या कटकटी बंद करायचा. कर्ज घ्या म्हणून मागे लागणारे, कुणी कुठे फोटो टाकला ते सांगणारे, उठल्यासुटल्या टिंगटिंग करणारे, सगळ्यांची तोंडं बंद. म्हाताऱ्या माणसांना तर फार बरं वाटायचं. "तुझ्याकडून आणला की फोन कसा शहाण्यासारखा गप्प बसतो," असं म्हणायचे. फुंक्या कानापर्यंत लाल व्हायचा.

मग एकदा भर दुपारी ती चाचणी झाली. वादळ-पुराची सूचना लोकांच्या फोनवर पोचते की नाही ते बघायला सगळीकडे एकदम भोंगा वाजवला. आधी कळवलं होतं म्हणे, पण ते वाचतो कोण? फुंक्याच्या टेबलावरचे सगळे फोन एकदम किंचाळले, पाठ उघडून ठेवलेलेसुद्धा. त्याच्या हातात तारा जोडायला डाग देतात ती तापलेली सळई होती, ती घसरून एका गिऱ्हाइकाच्या नव्या काचेवरून गेली. माझी कात्री चांगल्या कापडात वाकडी शिरली. मी तणतणत बाहेर आले.

"काय रे, आग लागली का तुझ्या खोक्याला?"

फुंक्या दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. त्या दिवसापासून हा भोंगाही झाडलोटीत आला. आता खरं सांगायचं तर आणीबाणीच्या सूचनांच्या पानावर चाचणीचं बटण वेगळं असतं. मोठ्या धोक्याचं वेगळं, त्याहून मोठ्या धोक्याचं वेगळं. त्याला बंद करायचं होतं ते चाचणीचं. पण केर काढायला बसलेला माणूस एकेक कपटा उचलून बघत नाही. त्याचा अंगठा वरून खालपर्यंत फिरायचा आणि सगळीच बंद व्हायची.

त्याच चाचणीच्या वेळी त्याचे भावोजी परांचीवर होते. भावोजी रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचं काम, आणि तोंड असं फटकळ की त्यांच्या हाताखाली आठवडाभर टिकला तो माणूस कुठेही टिकेल. मेहुण्यावर त्यांचा जीव होता, म्हणून त्याच्या वाट्याला शिव्या सगळ्यांत जास्त. "या टोणगेराव! फुंकून फुंकून पोट खपाटीला गेलं वाटतं," असं स्वागत झाल्याशिवाय फुंक्याचा रविवार सुरू होत नसे. तर त्या दिवशी खिशातला भोंगा वाजला, रंगारी दचकले, डबा खाली गेला आणि पाय सटकला. बांबू हाताला लागला म्हणून वाचले. घरी येऊन त्यांनी तो किस्सा हसत हसत सांगितला. बहीण हसली नाही.

रविवारी फुंक्या जेवायला गेला तेव्हा भावोजी आंघोळीला गेले होते. बहिणीने नवऱ्याचा फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा भोंगा आधी बंद कर. एक दिवस जीव घेईल त्यांचा."

त्याने जेवता जेवता डाव्या हाताने बंद केला. भावोजींना सांगायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

पुढे बरेच दिवस काही झालं नाही. आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळपासून ऊन होतं, मी कपडे बाहेर दोरीवर टाकले होते. दुपारी माझ्या गिऱ्हाइकांचे फोन कर्कश वाजले. तासाभरात सोसाट्याचा वारा येतोय, उंचावर असाल तर खाली उतरा, असा मजकूर. माझा फोन गप्पच होता, कारण तोही फुंक्याच्या हाताखालून गेलेला.

रंगारी एका इमारतीच्या पार वरच्या मजल्यावर सज्ज्याची कड रंगवत होते. समोरच्या इमारतीवरचे गवंडी, प्लंबर फोन वाजल्यावर उतरले. उतरताना त्यांनी रंगाऱ्यांना हाकाही मारल्या, पण मधे रस्ता आणि खाली जनरेटर धडधडत होता. त्यांना वाटलं, यांचाही वाजला असेल, हातातलं उरकून उतरतील. वारा आला तो एकदमच. परांचीला बांधलेली हिरवी जाळी फुगली, बांबू भिंतीपासून सुटले आणि रंगारी त्यांच्यासकट खाली आले. मधल्या मजल्याच्या पत्र्यावर आपटले म्हणून जीव राहिला. उजवा खांदा मात्र चुरला, आणि बोटांतली ताकद गेली ती गेलीच.

फोनला ओरखडाही आला नव्हता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी आजूबाजूच्यांकडून ऐकलं की सगळ्यांचे फोन आधी वाजले होते. त्यांनी बायकोच्या हाती आपला फोन मेहुण्याकडे पाठवला. "म्हणावं, उघडून बघ त्या हरामखोराला. माझाच का नाही वाजला?"

ती फोन घेऊन आली तेव्हा मी तिथेच होते, फुंक्यासाठी चहा घेऊन गेले होते. त्याने फोन घेतला, पण फुंकर मारली नाही. सिमकार्ड काढून पुसलं, परत बसवलं. रेंज बघितली. फोन सायलेंटवर आहे का, विमानाचं चिन्ह चालू आहे का, नवीन अपडेट राहिलंय का, हे सगळं एकेक करून बघितलं. सगळं ठीक होतं. मला वाटलं, किती बारकाईने बघतोय भावोजींसाठी. खरं म्हणजे तो त्या एका पानापासून लांब पळत होता. शेवटी पळायला जागा उरली नाही तेव्हा त्याने ते पान उघडलं. वरून खालपर्यंत सगळी बटणं बंद.

बहीण त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला त्या पानातलं काही कळत नव्हतं, पण भावाचं तोंड ती लहानपणापासून वाचत आली होती. हातातली पिशवी तिने छातीशी धरली.

"आतला पार्ट गेलाय," फुंक्या म्हणाला. "ताई, त्यांना सांग, फोनच खराब होता."

"हो," ती म्हणाली. आणि डोळे न पुसता निघून गेली.

त्याने भावोजींना नवा फोन दिला. त्यातली सगळी बटणं दहादा तपासून चालू केली. जुना आपल्या खणात टाकला. रंगारी घरी आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जुन्या फोनची कर्मकहाणी सांगू लागले. कसला दळभद्री, कसला दगाबाज, ऐन वेळी दातखीळ बसली मेल्याची. आणि पुढे, "आमच्या टोणग्याने बघा, न मागता नवा आणून दिला. तोंडाने चकार शब्द काढणार नाही, पण माणूस सोन्यासारखा." रविवारी हे ऐकत फुंक्या खाली मान घालून जेवायचा. मग मला येऊन म्हणायचा, "मावशी, घास उतरत नाही." मला वाटायचं, भावोजींच्या हाताचं दुःख.

दरम्यान त्याने एक नवीनच खूळ सुरू केलं. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन म्हणायचा, फोन द्या, एक बटण चालू करायचंय. लोक वैतागायचे. "तो भोंगा परत? अरे, तूच तर सुख दिलं होतंस, आता का जिवावर उठलास?" एका आजीबाईंनी तर दारच लावून घेतलं. तो दुसऱ्या दिवशी परत गेला. दुकान अर्धा अर्धा दिवस बंद. माझ्याही फोनचं त्याने केलं, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, "असू दे हो, बरं असतं."

आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीचं मूळ लागतं. ते माझ्या दुकानात पँटची लांबी कमी करायला आले होते, तिथेच फुंक्याने त्यांना गाठलं. मास्तरांनी फोन दिला, चष्म्यावरून बघितलं आणि सरळ विचारलं, "चालू करतोयस ते ठीक. पण बंद कुणी केलं होतं?"

फुंक्याचा अंगठा तिथेच थांबला.

"मी," तो म्हणाला. "सगळ्यांचं मीच. भावोजींचंही."

मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबला. मास्तर फोन घेऊन गेले. मला फुंक्याची कीव आली आणि त्याच दमात त्याच्या दोन मुस्कटात द्याव्याशा वाटल्या.

"मावशी, तुम्ही भावोजींचे शर्ट द्यायला जाणार आहात ना?" त्याने विचारलं. "मीही येतो. एकटा गेलो तर परत खोटं बोलेन."

उजव्या हाताने गुंडी लावता येत नाही म्हणून मी रंगाऱ्यांच्या शर्टांना टिचबटणं लावून देत होते. वाटेत फुंक्याने मला त्या रविवारचं सगळं सांगितलं, बहिणीने ताटाशेजारी फोन ठेवला तेही. आम्ही गेलो तेव्हा रंगारी खिडकीत बसले होते. "या टोणगेराव! आज रविवार नसताना?" असं म्हणून हसले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात आली.

फुंक्या बसला नाही. उभ्यानेच बोलला. फोन खराब नव्हता. पार्ट गेला नव्हता. भोंगा मीच बंद केला होता आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. इतकंच बोलला, आणि जुना फोन खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवला.

मी मनात म्हटलं, आता सुटतो तोफखाना. मला वाटतं, फुंक्यालाही तेच हवं होतं. सात पिढ्या उद्धरणाऱ्या शिव्या, भांडं फेकून मारलं असतं तरी चाललं असतं.

रंगारी फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं का बंद करायला?"

दारातल्या बाईने चौकट घट्ट धरली. फुंक्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"नाही. कुणी नाही. माझं मीच केलं."

ती बोलेल म्हणून मी वाट बघितली. ती बोलली नाही. मला तिचा संताप आला. पण रोज त्या माणसाला घास भरवायचा, त्याचं अंग पुसायचं, आणि हे सांगायचं, हे मला तरी जमलं असतं का, कोण जाणे.

"म्हणजे फोन चांगला होता," रंगारी म्हणाले.

"चांगला होता."

"उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्याला." डाव्या हाताने त्यांनी फोन उचलला, शर्टाने पुसला आणि खिडकीत नीट उभा करून ठेवला. मग माझ्याकडे वळून शर्टांचं विचारलं.

त्यानंतर फुंक्याचे रविवार सुटले नाहीत. उलट तो लवकर जायला लागला. रंगारी त्याला "या, बसा," म्हणतात. पाणी मागवतात, दुकान कसं चाललंय विचारतात. टोणगेराव नाही, ठोंब्या नाही, काही नाही. परक्या माणसाशी वागावं तसं अगदी व्यवस्थित. फुंक्या मुद्दाम चुका करून बघतो. एकदा पाण्याचा तांब्या लवंडला, एकदा त्यांची चप्पल घालून निघाला. "असू द्या, होतं असं," एवढंच ऐकून परत आला. माझ्या दुकानात बसून म्हणाला, "मावशी, एकदा तरी शिवी द्यायला हवी होती त्यांनी." आणि लहान पोरासारखा रडला. मी कापड मापत राहिले.

परवा परत चाचणी होती. योगायोगाने मी शर्ट घेऊन तिथेच होते, फुंक्याही होता. आम्हा तिघांचे फोन एकदम किंचाळले. बहिणीच्या हातून वाटी पडली आणि न उचलताच ती आत गेली. रंगाऱ्यांचा नवा फोन खिडकीत, जुन्याशेजारी होता. फुंक्या पटकन उठला आणि भोंगा बंद करायला त्याने हात पुढे केला. जुनी सवय.

रंगाऱ्यांनी डाव्या हाताने फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "पूर्ण वाजू द्या."

फुंक्याने हात मागे घेतला. भोंगा थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि रंगारी खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची रंग उडालेली भिंत बघत राहिले.