माप घेऊन शिवलेली मराठी

मेहबूबभाईंची आणि माझी पहिली ओळख एका उकारावरून झाली. आमच्या ‘वेलांटी’ या शुद्धलेखनाच्या व्हॉट्सअॅप गटात लातूरच्या एका शिकवणीवाल्या सरांनी जाहिरात तपासायला टाकली होती : ‘फीमध्ये भरघोस सुट’. अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ लिहावा, हा नियम मी तत्काळ कळवला. दोन मिनिटांनी देगलूरहून मेहबूबभाईंचा निरोप आला : ‘सर, तुमचा सुट आखूड शिवलाय. उकार लांब करा, न्हाईतर पोरांच्या अंगात बसायचा न्हाई.’ सगळा गट हसत सुटला. सरांनी लिहिले, ‘भाई, आता जन्मात विसरणार नाही.’ नियम माझा, आभार त्यांचे.

देगलूरला त्यांचे शिलाईचे दुकान आहे. घरची भाषा दखनी. शर्टाचे नमुने जुन्या वर्तमानपत्रांवर आखता आखता ते मराठी वाचायला शिकले. मी त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दहावीतून शाळा सोडली, पत्र्याच्या शेडमध्ये बसून व्याकरण पाठ केले आणि पुढे लातुरात शिकवण्यांचे पेव फुटले तेव्हा शिकवणीवाल्यांच्या नोट्स तपासून घर चालवले. ‘स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस’ म्हणून गटात माझा मान होता. मेहबूबभाई त्या मानातही वाटेकरी झाले. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात असे लिहू नये म्हणतात. पण तपशील गाळणे माझ्या स्वभावात नाही. मला त्यांचा हेवा वाटत आला आहे.

इस्लापूरच्या एक शिक्षिका पूर्वी प्रत्येक शंका मला विचारत. हळूहळू त्या थेट मेहबूबभाईंना विचारू लागल्या. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, “दादा, तुम्ही सांगितलेली चूक दिवसभर टोचते. भाईंनी सांगितलेली आठवून हसू येतं.”

मग गटाने भूकंपाच्या आठवणींचे पुस्तक काढायचे ठरवले. त्यात पहिला लेख माझा असावा, ही माझी उघड इच्छा होती. पडलेल्या घरातून सामान काढायला निघालो तेव्हा आई मला काय म्हणाली, ते मी लिहिले : ‘काहीही काढू नकोस. तू आहेस, तेवढे पुरे.’ लेख चार वेळा तपासला, आईला वाचून दाखवला, मग गटात टाकला. सर्वांनी वाखाणला. मेहबूबभाईंनी गटात ‘वाचला’ एवढेच लिहिले आणि मला खासगीत निरोप धाडला : ‘भाऊ, शिलाई एक नंबर हाय. पण आईचं माप न घेता शिवलंय. ह्या माउली आपल्याकडच्या की पुण्याच्या?’

चारचौघांत बोलले असते तर भांडता तरी आले असते. मी प्रमाणलेखनाचे नियम क्रमांकांसह पाठवले. उत्तर आले : ‘समदे बरोबर. पण बोलणं लिवताना माणूस बोलतो तसं लिवावं, हाही नियम त्याच यादीत हाय. तेवढा बघा.’

बघितला. होता. माझ्याच प्रतीत, मीच मारलेल्या लाल रेघेवर.

दोन दिवस मी लेख उघडला नाही. तिसऱ्या दिवशी लिहिले : ‘काई बी काडू नगं. तू हाईस, बास झालं.’ आईला पुन्हा वाचून दाखवले. ती गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

“हां, आसंच म्हणलं व्हतं म्या,” ती म्हणाली. “मागं वाचलास ते कुण्या मास्तरनीचं वाटलं. कुणी सुदरून दिलं रं?”

“मीच,” मी म्हणालो.

पुस्तकात माझा लेख पहिला आला. त्या वाक्याचे सर्वांनी कौतुक केले. मेहबूबभाईंनीही केले, ‘आता अंगाबरोबर बसलं’ म्हणाले, आणि दुरुस्तीचा उल्लेख कुठेच केला नाही. त्यांच्या जागी मला गप्प राहणे जमले नसते. तेव्हा हेवा त्याचाही वाटला.

म्हणून इथे छापील अक्षरात नोंदवतो : ते वाक्य मेहबूबभाईंनी सुधारले. हा ग्रंथ हाती आला की हे पान मी आईला वाचून दाखवणार आहे. ती जे बोलेल ते ऐकून घेईन.

मेहबूबभाईंच्या सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवला जावो, यंत्रावर वाकून त्यांची पाठ न दुखो, आणि शंभरी उलटून गेली तरी गटात त्यांचे निरोप येत राहोत. त्यांच्या लिहिण्यातली एक तरी चूक मला अजून सापडायची आहे. तेवढा अवधी वरच्याने आम्हा दोघांनाही द्यावा.