जुन्या पाहुण्याची चादर

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात आम्ही सहा जण आणि एक एसी. एसी कॉम्प्युटरसाठी होता, आम्हाला त्याचा वारा फुकटात मिळायचा. सगळ्यांत सीनियर एक बाई होत्या, पार्ल्याच्या, आधी कॉलेजात गणित शिकवायच्या. मी घाटकोपरचा, घरातला पहिला इंजिनिअर, त्यामुळे डोकं जरा हवेतच.

एका हॉटेलसाठी सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम चालला होता. खोलीचं ऑब्जेक्ट, म्हणजे खोलीची माहिती आणि तिची कामं एकत्र बांधलेला तुकडा, बाईंनी लिहिलेलं. खोली भरली की रिकामी, ही नोंद त्यांनी आत, प्रायव्हेट ठेवली होती. आपण बाहेरून फक्त सांगायचं, पाहुणा आला, पाहुणा गेला. बाकीचं खोली बघणार.

माझ्याकडे काम होतं पाहुण्याची खोली बदलायचं. तशी सोय बाईंनी ठेवली नव्हती. मागायला जावं तर अर्धा तास लेक्चर. म्हणून मी माझ्या प्रोग्रॅममध्ये, त्यांची फाइल जोडली होती तिच्या वर, गुपचूप एक ओळ घातली : 'प्रायव्हेट' दिसेल तिथे कंपायलरने, म्हणजे आमचं लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमने, 'पब्लिक', म्हणजे सगळ्यांना खुलं, असं वाचावं. मग बारा नंबरच्या खोलीच्या आत थेट शून्य लिहिलं, म्हणजे रिकामी, आणि चौदाच्या आत एक, म्हणजे भरलेली. झकास चाललं.

हॉटेलचे मॅनेजर बघायला आले. त्यांनी एक पाहुणा बारातून चौदात हलवला आणि साफसफाईची यादी मागितली. यादीत बारा नव्हतीच.

"म्हणजे नव्या माणसाने जुन्याच्या चादरीवर झोपायचं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

पाहुणा गेल्याचं कळलं की खोली स्वतःच त्या यादीत जायची. मी तिला कळवलंच नव्हतं. सगळे बाईंकडे बघू लागले. मी प्रिंटरकडे.

दोन दिवसांनी बाईंनी खोलीचं आतलं बदललं. शून्य आणि एक काढून तीन अवस्था केल्या : भरलेली, रिकामी, अस्वच्छ. बाकीच्यांचे प्रोग्रॅम एक अक्षर न बदलता चालले. माझ्यात एकोणीस एरर.

"मी आतलं बदललं. बाहेर कुणाला कळायचं कारण नव्हतं," बाई माझ्या स्क्रीनपाशी वाकून म्हणाल्या. "तुला कसं कळलं रे?"

मी ती ओळ दाखवली. "खोली बदलायची सोय नव्हती, मॅडम."

"मग मागायची ना."

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडले असते. आणि दिली असती."

दहा मिनिटांत त्यांनी ती सोय लिहून दिली. मला माझी घाण निस्तरायला दोन दिवस लागले. मग चूक माझी होती हे मॅनेजरना फोनवर सांगायला त्यांनी मलाच बसवलं, आणि मी बोलत असताना शेजारी उभं राहून माझं इंग्रजी सुधारलं.