सुतळीनं घेतलेलं माप

थंडीत ह्यांचा खोकला हटेना. रांजणगावच्या कंपनीत पहिली पाळी, म्हणजे उजाडायच्या आत मोटारसायकल काढायची आणि सगळं वारं छातीवर घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, छातीला वारा लागू देऊ नका. हे म्हणाले, "गाडीला पुढं काच बसवू. तू शिरूरला बाजाराला चाललीयस, तर बघून ये."

दुकानात बोलायची मला लाज वाटते, पण नाही म्हणवेना. काच माणसाच्या मापानं मिळते, एवढं ऐकून होते. हे दुपारी पाळीवरून येऊन झोपले होते, तेव्हा डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

उंचीच्या मापाची काच मागितली, तशी दुकानदारानं विचारलं, "उंची कुणाची?"

"त्यांची."

"कुणाची त्यांची?"

मी पिशवीतून सुतळी काढली. त्यानं एक टोक हातात धरलं, दुसरं पार जमिनीला टेकलं. "वहिनी, दादा गाडीवर झोपून जात्यात व्हय?"

माझं तोंड तापलं. मग त्यानं नीट सांगितलं. माप गाडीवर बसल्यावर घ्यायचं. काचेची कड डोळ्यांच्या खाली पाहिजे, नजर काचेवरनं गेली पाहिजे. "दादांना गाडीसकट घेऊन या."

सुट्टीच्या दिवशी दोघं गेलो. हे गाडीवर बसले, दुकानदारानं दोन काचा धरून दाखवल्या. उंच काचेची कड बरोबर डोळ्यांसमोर येत होती. ठेंगणी छातीपाशीच संपत होती, गळा उघडा.

"उंच घ्या," मी हळूच म्हणाले.

"आन् दव पडल्यावर काचंतनं रस्ता दिसंल का मला?"

दवाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता छाती बघायची का डोळे?

"तूच सांग," हे म्हणाले. दुकानदारही माझ्याकडंच बघायला लागला. मी ठेंगणीकडं बोट केलं.

आता खोकला कमी आहे. तो काचेनं कमी झाला की थंडी सरली म्हणून, मला कळत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "बरी हाय काच, गळ्याला वारं लागतंय तेवढं." त्यातलं 'बरी' धरावं की 'गळ्याला' धरावं?

हल्ली लवकर फटफटतं; गाडी निघाली की मी दारातून बघत राहते. हे वाकून बसले तर काच ठेंगणी पडली असं समजायचं, असं मनाशी ठरवलंय. पण वळणावर ते वाऱ्यासाठी वाकले की खड्ड्यासाठी, हे लांबून ओळखू येत नाही.